हे तिचं

भावाचा फोन आला तेव्हा नन्ना जळक्या मोटरीतली तार उपटत होती. पाण्याच्या पंपाची मोटर. आतली तांब्याची तार जळून कोळसा झाली की ती पकडीने ओढून काढायची, खाचा साफ करायच्या आणि नवी तार भरायची, हा तिचा धंदा. दुकान लहान होतं, पण तिचं होतं. फोन तिने खांदा आणि कान यांच्यात धरला.

“ताई, आई गेली,” भाऊ म्हणाला. आणि मधे श्वाससुद्धा न घेता, “तू ये. पण बाबा म्हणतात, न्हाणीत जायचं असेल तर वचन म्हणावं लागेल. नाहीतर दारातूनच परत.”

आई गेली हे डोक्यात शिरायच्या आधी अट शिरली. मरणाच्या निरोपालाही अट बांधून पाठवायची, हे देवाधर्माच्या माणसांनाच जमतं. बाकीचे लोक आधी रडतात तरी.

“बाबा शेजारी उभे आहेत का?” तिने विचारलं.

“हो.”

“त्यांना सांग, मी येतेय. बाकी काही सांगू नकोस.”

वचन म्हणजे एक वाक्य. त्या प्रार्थनाघराच्या पंथात प्रत्येक बाईच्या वाट्याला ते दोनदा येतं. एकदा लग्नात, ती स्वतः म्हणते. एकदा मेल्यावर, तिला न्हाऊ घालताना तिची मुलगी, मुलगी नसेल तर जवळची बाई, तिच्या वतीने म्हणते. ‘माझी चूक ती माझी, माझं पुण्य ते माझ्या धन्याचं.’ बस एवढंच. पुरुषाला असलं कुठलंही वाक्य नाही. पुरुष मरतो तेव्हा नुसता मरतो.

लहानपणी नन्नाने जेवताना विचारलं होतं, “आई, तुझं पुण्य बाबांचं, मग बाबांचं पुण्य कोणाचं?”

आई म्हणाली होती, “जेव.”

असे प्रश्न आणि प्रत्येक गोष्टीला ‘नाही’, म्हणून घरात तिचं नाव नन्ना पडलं. नन्नाचा पाढा. खरं नाव शाळेच्या दाखल्यात राहिलं. पुढे लग्न ठरलं. भरल्या प्रार्थनाघरात, वडील तिथले कारभारी, समोर उपदेशक, शेजारी नवरा मुलगा. तिला वचन म्हणायला सांगितलं आणि ती म्हणाली, “नाही.” मुलाकडचे उठून गेले. आई तिला दंडाला धरून घरी घेऊन आली. बाबा अजून पाहुण्यांच्या हातापाया पडत होते. आईने दार लावलं आणि अशी चपराक मारली की नन्नाचा कान दोन दिवस वाजत होता. मग एका पिशवीत कपडे कोंबले, पिशवी दाराबाहेर फेकली आणि म्हणाली, “चालती हो. पुन्हा या घराला तोंड दाखवू नकोस.”

नन्नाने दाखवलं नाही. शहरात जाऊन ती एका मिस्त्रीच्या हाताखाली तार भरायला शिकली आणि नंतर स्वतःचं दुकान टाकलं. जिथे कुठे बायकांची सभा असेल तिथे उभी राहून ती एकच सांगायची, की ज्या देवाला बाईचं पुण्य नवऱ्याच्या खात्यावर चढवल्याशिवाय हिशेब जमत नाही, तो देव कारकून म्हणूनसुद्धा कामाचा नाही. लोक हसायचे. काही थुंकायचे. आई त्या प्रार्थनाघरात बायकांच्या पहिल्या रांगेत डोळे मिटून बसते, कुठेही बाई गेली की न्हाऊ घालायला सगळ्यांत आधी धावते, तिच्याइतकी भाविक बाई पंचक्रोशीत नाही, हे नन्नाला अधूनमधून कळायचं. कळलं की तिच्या कानात पुन्हा वाजायचं.

आज तिने ठरवलं होतं. आत जायचं, आईच्या अंगावर स्वतःच्या हाताने पाणी घालायचं, आणि ते वाक्य म्हणायचं नाही. ओढून बाहेर काढलं तर काढू देत.

प्रार्थनाघराच्या मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुरुष बसले होते, हलक्या आवाजात भाववाढीवर बोलत होते. फाटकाशी गाडी उभी होती, तिचं मागचं दार उघडं. अंगणाच्या कडेला न्हाणीची खोली, बसकी, दुधी काचेची एकच खिडकी असलेली.

बाबा उठले. म्हातारे झाले होते, पण मान तशीच.

“म्हणणार?” त्यांनी विचारलं. कशी आहेस नाही, बस नाही.

“आईला न्हाऊ घालायला आलेय.”

“मी काय विचारलं?”

“आणि मी काय सांगितलं?”

भाऊ मधे आला, “ताई, आज तरी.” त्याचे डोळे सुजले होते. त्या अंगणात एवढाच एक माणूस रडलेला दिसत होता.

उपदेशक खुर्चीतून न उठताच म्हणाले, “कारभारी, जाऊ दे तिला आत. दाराशी कळेलच.”

दाराशी म्हणजे काय, हे नन्नाला ऐकून माहीत होतं. न्हाणीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. आत म्हटलेलं वचन पुरुषाच्या कानावर पडायचं नाही. न्हाऊ घालून झालं की उपदेशक बंद दाराशी येऊन विचारतात, ‘वचन झालं का?’ आतून एकाच शब्दात उत्तर येतं, ‘झालं.’ मग दार उघडतं आणि गाडी निघते. ‘झालं’ आलं नाही तर मढं हलत नाही. इतकी वर्षं, मेलेली कोणाचीही असो, दाराशी तो शब्द नन्नाची आईच बोलायची. त्या कामाला भाविक बाई लागते म्हणे.

“तू जा तिच्याबरोबर,” बाबांनी आपल्या बहिणीला सांगितलं. “कान उघडे ठेव.”

आत्या उठली. हातात माळ, ओठ हलताहेत, डोक्यावरचं कापड भुवयांपर्यंत ओढलेलं. नन्ना सात वर्षांची असताना प्रार्थनेत हसली म्हणून याच आत्याने तिला चिमटा काढला होता. तो तिला अजून आठवत होता.

“चल,” आत्या म्हणाली. “पायातलं बाहेर काढ.”

आत ओलसर गारवा होता. भिंतींना पांढऱ्या फरशा, मधे दगडी ओटा, त्याला एका बाजूला उतार, उताराच्या टोकाला गटाराची जाळी. ओट्यावर आई, चादरीखाली. डोक्याशी पाणकाकू उभी होती. गावातल्या बायकांना शेवटचं न्हाऊ घालणं हेच तिचं काम, म्हणून तिला सगळे पाणकाकू म्हणायचे. ती बादलीत कोपर बुडवून पाणी किती गरम आहे ते बघत होती, जसं तान्ह्या मुलासाठी बघतात. पायाशी साबण आणि पंचा घेऊन उपदेशकांची बायको उभी होती. नन्नाला वाटलं, झालं, पहारा पक्का आहे. एक बाबांची बहीण, एक उपदेशकाची बायको.

आत्याने दाराला आतून कडी घातली. खालचा अडसरही सरकवला. मग डोक्यावरचं कापड ओढून काढलं, माळ खिळ्याला अडकवली आणि मान दोन्ही बाजूंना मोडून म्हणाली, “हुश्श. सुटले बाई.”

पाणकाकूने नळ सोडला. पत्र्याच्या टबात पाणी धबाधबा पडायला लागलं. त्या आवाजात उपदेशकांची बायको, जिचा आवाज नन्नाने जन्मात ऐकला नव्हता, म्हणाली, “तुझा बाप बाहेर भाववाढीवर बोलतोय का गं? माझा नवरा नक्कीच बोलत असणार. मढं असलं की त्याला महागाई आठवते.”

नन्ना भिंतीला टेकली. आपण कुठल्या खोलीत आलो, हेच तिला कळेना.

“बघतेस काय,” आत्या म्हणाली. “बाह्या वर कर. पाणी गार होतंय.”

“आत्या, तुझी माळ.”

“तिचं काय?”

“तू दिवसभर जप करतेस.”

“जप कसला? एकेका मण्याला मेल्या नवऱ्याला एकेक शिवी घालते. माळ संपते, शिव्या संपत नाहीत.”

पाणकाकू हसली नाही. तिने चादर काढली.

नन्नाने आईला असं कधी पाहिलं नव्हतं. केवढीशी झाली होती. तिची नजर आधी गुडघ्यांवर गेली. दोन्ही गुडघ्यांवर घट्टे पडले होते, टाचेसारखे कडक, पिवळट. आयुष्यभर टेकलेले गुडघे.

“एवढं टेकून काय मिळालं तिला?” नन्ना म्हणाली.

“पहिल्या रांगेत बसायला मिळालं,” आत्या म्हणाली. “पहिल्या रांगेतल्या बाईवर कोणी संशय घेत नाही.”

“कसला संशय?”

पाणकाकूने तांब्या भरला आणि तो उपदेशकांच्या बायकोच्या हातात दिला. तिने तो आईच्या उजव्या खांद्यावर हळूहळू ओतला, आणि ओतता ओतता बोलली, “वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईने, मला वाचायला शिकवलं. इथेच. कोणी ना कोणी मरायचं, आम्ही न्हाऊ घालायचो, आणि शेवटी वहिनी ओल्या फरशीवर बोटाने एक अक्षर काढायच्या. वाळायच्या आत मी ओळखायचं. हे तिचं.”

“हे तिचं,” बाकी दोघी म्हणाल्या.

नन्ना त्या तिघींकडे बघत राहिली. “वचन कधी म्हणायचं?”

“म्हणत नाही,” पाणकाकू म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे म्हणत नाही. या ओट्यावर गेल्या कित्येक वर्षांत ते वाक्य कोणी म्हटलेलं नाही. तुझ्या आईने बंद केलं.”

नळाचं पाणी पडत होतं. नन्नाला तो आवाज एकदम लांबून यायला लागला. जळक्या मोटरीला चुकून वीज लावली तर हाताला बसतो तसा झटका होता तो; दुखत नाही, पण हात आपला राहत नाही.

“माझ्या आईने?”

“तुझ्याच.” पाणकाकूने आईच्या केसांवर पाणी सोडलं आणि बोटांनी केस मोकळे करत राहिली. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. “माझी मुलगी मेली तेव्हाची गोष्ट. जिन्यावरून पडली म्हणून सासरचे घेऊन आले. मीच न्हाऊ घालणारी, दुसरं कोण घालणार? पाणी पडलं आणि गळ्याभोवती बोटं दिसली. चार या बाजूला, अंगठा त्या बाजूला. जिन्याला बोटं नसतात. आणि बाहेर जावई बसलेला, आणि मला म्हणायचं होतं, तिचं पुण्य त्याचं. मी तोंड उघडलंसुद्धा. सवय गं. तुझ्या आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. साबणाचा हात, अजून चव आठवते. म्हणाली, द्यायचं नाही. कोणाचंच कोणाला द्यायचं नाही. मग उठली, दाराशी गेली आणि तुझ्या बापाला, उपदेशकाला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, झालं.”

“आणि जावई?”

“जावई दुसरं लग्न करून मजेत आहे. देव बघतोय म्हणतात. बघतच असणार, बघ्यांची कुठे कमी आहे?” तिने तांब्या भरून स्वतः ओतला. “माझ्या पोरीला त्याच्या नावावर चढू दिलं नाही. हे तिचं.”

“हे तिचं.”

त्यानंतर तिघींनी मिळून तिला सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, पाठ घासता घासता, नखं साफ करता करता. वचनाच्या जागी हे सुरू झालं. मेलेलीने आयुष्यात जे स्वतःच्या मनाने केलं ते एकेकीने सांगायचं आणि पाणी घालायचं. चांगलं असो, वाईट असो. वचनात चूक तेवढी बाईची आणि पुण्य नवऱ्याचं. इथे दोन्ही तिचंच. ज्यांच्या घरची बाई असेल त्यांच्यातल्या कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला ‘तुला बघवणार नाही’ म्हणून बाहेर बसवायचं, हे आई ठरवायची.

“मला वाचता यायला लागल्यावर,” उपदेशकांची बायको म्हणाली, “मी ह्यांचं पुस्तक काढून वाचलं. ते झोपले की. प्रवचनात काय काय गाळतात ते तेव्हा कळलं. आणि ते वाक्य पुस्तकात नाहीच. पानन् पान बघितलं. कुणीतरी मधेच घुसडलंय. मी धावत वहिनींना सांगायला आले.”

“असतं तरी काय फरक पडला असता?” नन्ना फटकन म्हणाली. “पुस्तकात असतं तर काय म्हणायचं होतं?”

उपदेशकांच्या बायकोचा हात थांबला. तिने आत्याकडे पाहिलं.

“काय झालं?” नन्नाने विचारलं.

“वहिनी हेच म्हणाल्या होत्या. अगदी असंच, अशीच मान करून.”

इतकी वर्षं नन्ना समजत होती की हे वाक्य तिने स्वतःच्या डोक्यातून, आईच्या विरुद्ध, दात ओठ खात काढलंय.

“मग मला का नाही सांगितलं?” तिचा आवाज चढला. पाणकाकूने मुकाट्याने नळ आणखी पिळून मोठा केला. “मी भरल्या सभेत नाही म्हटलं. तिला माहीत होतं मी बरोबर आहे. आणि तिने मला मारलं. घराबाहेर काढलं. एक शब्द सांगायला काय झालं होतं?”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही,” आत्या म्हणाली. “तू चौकात जाऊन सांगितलं असतंस. आजही सांगशील.”

“सांगीन. सांगायलाच पाहिजे. तुम्ही इथे कडी लावून खरं बोलता आणि बाहेर जाऊन पुन्हा गुडघे टेकता. मेलेल्या बाईला मोकळं करून काय उपयोग? जिवंत बाईचं काय?”

“जिवंत बाईला एकटीला सोडतं कोण?” आत्या म्हणाली. “मला सांग, या गावात अशी कुठली खोली आहे जिथे बाप, भाऊ, नवरा, उपदेशक कोणी कोणी येत नाही? स्वयंपाकघरात येतात. न्हाणीघराचं दार वाजवतात. ही एकच आहे. त्यांनीच नियम केला, बाटतात म्हणून. मेलेलीच्या निमित्ताने आम्हाला तासभर मिळतो. तेवढ्यात खरं बोलून घेतो.”

“तासभर पुरतो?”

“नाही पुरत,” उपदेशकांची बायको म्हणाली.

आत्याने आईचा डावा हात उचलला आणि मनगट नन्नापुढे धरलं. हाड एका बाजूला उचललेलं होतं, वाकडं सांधलेलं. “हे बघ.”

“हे कधीचं?”

“तू गेलीस त्या दिवसाचं. तुला घराबाहेर काढलं नसतं तर दादा, म्हणजे तुझा बाप, संध्याकाळी तुला केस धरून परत वचन म्हणायला नेणार होता. मुलाकडच्यांनी तेवढी सवलत दिली होती. घरी आला तर तू नाहीस. विचारलं कोणी काढली, वहिनी म्हणाली मी काढली. मी तिथेच उभी होते. माळ ओढत.” आत्याने तांब्या घेतला. त्या मनगटावर पाणी ओतलं. “मुलीला घराबाहेर काढलं. हे तिचं.”

बाकी दोघी नन्नाकडे बघत होत्या.

नन्नाला रडू आलं नाही. तिला राग आला. ते वाकडं हाड बघून तिने आता विरघळावं, माफ करावं, आईच्या पायावर डोकं ठेवावं, असं सगळ्यांना वाटत असेल असं तिला वाटलं. पण कान तिचा होता. वर्षं तिची होती. भाड्याच्या खोलीत ताप भरून पडली असताना ‘आई’ म्हणायचं नाही म्हणून उशी चावली होती, ते दात तिचे होते.

“मी तिला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली.

“इथे कोणी माफ करायला सांगत नाही,” पाणकाकू म्हणाली. “माफी बाहेर मिळते. इथे नुसतं कोणाचं काय ते सांगायचं. तुझी पाळी.” आणि तांब्या पुढे केला.

नन्नाने तो घेतला. पाणी कोमट होतं. तिने आईच्या उजव्या हातावर, ज्या हाताने चपराक मारली त्या हातावर, ओतलं.

“मला मारलं,” ती म्हणाली. “आणि सांगितलं नाही. हे तिचं.”

“हे तिचं,” तिघी म्हणाल्या.

मग तिने पुन्हा तांब्या भरला. पुसायच्या आधी गुडघ्यांवर तिने स्वतः साबण लावला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

आईला पुसून, पांढऱ्या कापडात बांधून झालं तेव्हा दारावर टकटक झाली. पाणकाकूने नळ बंद केला. खोली एकदम उघडी पडल्यासारखी झाली. आत्याने डोक्यावर कापड ओढलं आणि खिळ्यावरून माळ काढली. उपदेशकांची बायको डोळ्यांदेखत लहान झाली. खांदे आत गेले, मान खाली गेली, जणू कोणी तिच्यातली हवा काढून घेतली.

“वचन झालं का?” बाहेरून उपदेशकांचा आवाज आला.

नन्ना दाराशी उभी होती. उत्तर देणारी आईच ओट्यावर होती, म्हणून आज ते मुलीने द्यायचं होतं. तिने तोंड उघडलं नाही.

“कारभारीणबाईंची मुलगी आहे ना आत?” आवाज आणखी जवळ आला. “मुली, सगळे ऐकताहेत. वचन तू पूर्ण म्हण. मोठ्याने. आम्हाला ऐकू दे.”

आत्याने दारालाच तोंड लावलं. “न्हाणीतलं वचन पुरुषाच्या कानावर पडलं तर पाणी बाटतं. तुमचाच नियम आहे. पुन्हा न्हाऊ घालायचं का? बसाल तोवर?”

बाहेर कोणीतरी खाकरलं. खुर्ची सरकली. मग बाबांचा आवाज, “तू ऐकलंस का स्वतःच्या कानांनी?”

“ऐकलं की,” आत्या म्हणाली. “चांगलं ठणठणीत म्हटलं.” इतकं सरळ खोटं, इतक्या देवभोळ्या आवाजात, नन्नाने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“मग तिचा एक शब्द येऊ दे,” उपदेशक म्हणाले. “तिचा. झालं म्हणू दे.”

एकच शब्द. होकाराचा तो शब्द नन्नाने कधीच म्हटला नव्हता. तो न म्हणण्यावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. ‘नाही’ म्हटलं तर ते खरं होतं. आणि मग हे दार उघडलं असतं, आणि विचारलं असतं, मग इतकी वर्षं आत काय चालायचं? आत्याने खोटं का सांगितलं? आणि उपदेशकांची बायको, ती इथे काय करत होती? नन्नाने मागे पाहिलं. ती बाई आईच्या पायांशी कापडाची गाठ धरून उभी होती. गाठ केव्हाच बसली होती, पण हात सुटत नव्हते. ती नन्नाकडे बघत नव्हती. दाराकडेही नाही. ओल्या फरशीकडे बघत होती, जिथे काही लिहिलेलं नव्हतं.

आई इथेच उभी राहायची, नन्नाच्या मनात आलं. याच फरशीवर. दर वेळी हेच गिळून.

“झालं,” नन्ना म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. आईचा होता, अगदी हुबेहूब, आणि त्याने ती इतकी हादरली की कडी काढायला आत्याला पुढे यावं लागलं.

अंगणात सगळे उभे होते. बाबा पुढे आले आणि नन्नाच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागले. ढसाढसा, नाक ओढत. बायको गेली म्हणून जो माणूस सकाळपासून रडला नव्हता, तो मुलगी वाकली म्हणून रडत होता. भावाने नन्नाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं, निदान ताई तरी टिकेल.

उपदेशक हात वर करून बोलायला लागले. या माउलीने जाता जाता भरकटलेलं लेकरू घरी आणलं. हे तिचं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं पुण्य. आणि आपल्या वचनाप्रमाणे हे पुण्य आता आपल्या कारभाऱ्यांचं.

कारभाऱ्यांनी मान तुकवून ते घेतलं. आईचं मनगट मोडणाऱ्या हातांनी हात जोडून घेतलं.

नन्नाने तोंड उघडलं, आणि बायकांच्या रांगेत उपदेशकांची बायको दिसली, कापड भुवयांपर्यंत, ओठ भक्तीने हलताहेत. नन्नाने तोंड मिटलं. जीभ दातांखाली धरली तेव्हा रक्ताची चव लागली. पाणकाकूला साबणाची लागली होती, हिला रक्ताची. एवढाच फरक.

गाडी निघाली. पुरुष तिच्यामागे गेले. बाबा वळून म्हणाले, “घरी ये आता. तुझी खोली तशीच आहे.”

“नाही,” नन्ना म्हणाली. “दुकानात मोटर उघडी पडलीय.” हा ‘नाही’ मात्र तिचा स्वतःचा होता, आणि म्हटल्यावर तिला जरा श्वास आला.

फाटकाशी आत्या तिच्याबरोबर चालत आली. माळ फिरत होती.

“आता कोणाला शिव्या?” नन्नाने विचारलं.

“माझ्या भावाला.” दोन मणी सरकले. “शिंप्याची म्हातारी अंथरुणाला खिळलीय. आज उद्याची सोबत. दाराशी बोलायला कोणीतरी हवं. आता तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही.”

“मी आईसारखी गप्प बसणारी नाही, आत्या. येईन. पण एक दिवस ते दार सताड उघडीन आणि सगळं सांगीन.”

“सांग,” आत्या म्हणाली. “कोण नको म्हणतंय? पण माझं न्हाणं झाल्यावर सांग.”